आज जरा घसा बसलाय

"आज जरा घसा बसलाय हं."

हे वाक्य मी गेल्या पंचवीस वर्षांत किती वेळा म्हटलं, याचा हिशेब माझ्याकडे नाही. आणि हिशेब ठेवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि गाणं शिकते. शिकते म्हणजे, नवव्या वर्षापासून शिकतेच आहे.

गाण्याच्या क्लासला गेलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं असेल. तंबोरा जुळतो, तबलजी हातोडी खाली ठेवतो, आणि गाणारी व्यक्ती सा लावायच्या आधी घशावर हात ठेवून थोडं हसते. आमच्याकडे मिरजेला कारणांचीही कमी नाही. हिवाळ्यात उसाच्या फडात पाचट पेटवतात, त्याची काळी काजळी गच्चीवरच्या वाळवणावर येऊन पडते. म्हणजे धुराने घसा. उन्हाळ्यात धुळीने घसा. पावसाळ्यात तर विचारूच नका. काल जागरण झालं, परवा प्रवास झाला, सकाळी दही खाल्लं. एकदा मी "आज फार हसले" असंही कारण दिल्याचं आठवतं.

समोरचे लोक समजूतदारपणे माना डोलावतात. मग मी गाते. बरं झालं तर "घसा बसलेला असताना एवढं!" आणि वाईट झालं तर "घसाच बसलेला होता बिचारीचा." दोन्हीकडून सुटका. पतसंस्थेत याला आम्ही चांगलं तारण म्हटलं असतं.

नुसतं म्हणण्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण तेविसाव्या वर्षी मी आकाशवाणीच्या ऑडिशनचा अर्ज भरला. पत्र आलं, तारीख आली. माझ्या गाण्याच्या बाईंनी दीड महिना माझ्याकडून फक्त दोन राग घासून घेतले. आणि ऑडिशनच्या आदल्या दिवशी माझ्या मावसबहिणीची हळद होती.

जायला हवंच होतं. पण रात्री नऊला निघायला हवं होतं, तशी मी निघाले नाही. मी डीजेच्या आवाजावर आवाज चढवून बायकांबरोबर गाणी म्हटली. भजी खाल्ली. त्यावर कालाखट्टा घातलेला बर्फाचा गोळा खाल्ला, आणि चुलतभावाने पैज लावली म्हणून दुसराही खाल्ला. मला आठवतंय, दुसरा गोळा हातात घेताना डोक्यात एक अगदी स्वच्छ, शांत विचार येऊन गेला होता: आता उद्या काही झालं तरी चालेल. इतकं हलकं मला त्या दीड महिन्यात एकदाही वाटलं नव्हतं.

सकाळी आवाज खरखरीत. ऑडिशन गेली. नकाराचं पत्र आलं तेव्हा आई हळहळली. मी म्हटलं, "घसा बसला होता ना." आणि खरं सांगायचं तर मला दुःख झालंच नाही. आवाज चांगला असता तर मी पास झालेच असते, ही शक्यता सहीसलामत राहिली होती. ती मी पुढे वीस वर्षं जपून ठेवली, लग्नातल्या शालूसारखी. न नेसता.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण लोक घरातली भानगड बाहेर काढू नये अशा अर्थाने वापरतात. मी मात्र ती शब्दशः जगले.

फार पुढे, असंच वाचता वाचता, मला कळलं की माझ्या बर्फाच्या गोळ्यावर संशोधन झालेलं आहे. म्हणजे गोळ्यावर नाही, पण जवळपास. १९७८ साली स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींच्या कोड्यांना मुळी उत्तरच नव्हतं, पण त्यांनाही सांगितलं, वा, छान सोडवलीत. मग म्हटलं, आता पुन्हा परीक्षा, त्याआधी एक औषध घ्यायचंय. एकाने डोकं चांगलं चालतं, दुसऱ्याने मंदावतं; कुठलं घ्याल? ज्यांना आपल्याला यश का मिळालं हेच कळलेलं नव्हतं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी, विशेषतः मुलग्यांनी, डोकं मंदावणारं औषध मागून घेतलं. पुढच्या अपयशाची सोय आधीच करून ठेवली.

नाचता येईना अंगण वाकडे, असं आपण किती सहज म्हणतो. पण त्या म्हणीतली बाई निदान नाचून झाल्यावर अंगणाकडे बोट दाखवते. मी आदल्या रात्री स्वतः कुदळ घेऊन अंगण खणून ठेवत होते. आणि मला नाचताही येत होतं, थोडंफार.

योगायोग असा की त्याच १९७८ साली, अमेरिकेतच, जॉर्जियामधल्या दोन बायकांनी दुसरा एक लेख लिहिला. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी केलेल्या कामातून त्यांना दिसलं, की डॉक्टरेट मिळवलेल्या, आपल्या क्षेत्रात मान असलेल्या या बायका मनातून स्वतःला खोट्या समजतात. निवड समितीची चूक झाली, परीक्षकाने जास्त मार्क दिले, एक दिवस हे सगळं उघडकीला येणार. आज सगळे ज्याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात ते इथून निघालं. त्या दोघींनी मात्र 'सिंड्रोम' हा शब्द वापरला नव्हता. त्यांनी त्याला फेनॉमेनन म्हटलं होतं, रोग ठरवलं नव्हतं. रोगाचं लेबल मागाहून चिकटलं.

गाण्याच्या मध्यमा पूर्ण परीक्षेला मला पहिली श्रेणी मिळाली होती. ती का मिळाली याचं माझ्याकडे तयार उत्तर होतं: मे महिना होता, पंखा बंद होता, परीक्षकांना दुपारची गाडी गाठायची होती. हे उत्तर मी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी माझ्या नवऱ्याने विचारलं, "मग त्या दिवशी सगळ्यांनाच पहिली श्रेणी मिळाली असेल?" नव्हती मिळाली. आम्हा अकरा जणांत दोघींना मिळाली होती. मला हे माहीत होतं, पण तो हिशेब मी कधी जुळवायलाच घेतला नव्हता.

इम्पोस्टरला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शब्द आहे, तोतया. हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला एकच तोतया आठवतो. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेलेच नाहीत असं मानणारे पुष्कळ होते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत कुंकू पुसलं नाही. या आशेवर एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. १७७६ मध्ये तर त्याने कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले, लोक त्याच्यामागे गेले. शेवटी पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. मला या गोष्टीत नेहमी एकच प्रश्न पडतो. किल्लेदारासमोर उभं राहताना त्या माणसाचा आवाज एकदा तरी कापला असेल का? "आज जरा घसा बसलाय" असं तो कधी म्हणाला असेल? मला नाही वाटत. तसं म्हणाला असता तर दुसऱ्याच दिवशी पकडला गेला असता. अस्सल तोतयाला स्वतःविषयी शंका घेणं परवडतच नाही. ही चैन आमच्यासारख्यांची.

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण हे सगळं आपल्या मनाचेच खेळ आहेत असं म्हटलं की एक मोठी बाजू निसटते. थोर गायिका गंगूबाई हनगल यांची गोष्ट आमच्या बाई नेहमी सांगायच्या. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, अकरा वर्षांच्या गंगूबाईंनी स्वागतगीत म्हटलं. त्यांनी पुढे सांगितलं आहे की तिथे त्यांच्या मनात धाकधूक होती ती गाण्याची नव्हती. आपल्या जातीमुळे आपल्याला जेवणानंतर उष्टी काढायला सांगतील की काय, याची होती. त्या मुलीला "तुझा आत्मविश्वास कमी आहे, आरशासमोर उभी राहून रोज स्वतःला शाबासकी दे" असं सांगणं किती हास्यास्पद ठरलं असतं! तिची भीती डोक्यातली नव्हती. ती तिने बघितलेल्या जगावर आधारलेली होती. पुढे त्या हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या आणि तो खणखणीत, पुरुषी वाटावा असा आवाज घेऊन पुढची कितीतरी दशकं गात राहिल्या. रुचिका तुलशान आणि जोडी-अॅन ब्यूरी या दोघींनी २०२१ साली एका लेखात हेच मांडलं, की बायकांना इम्पोस्टर सिंड्रोम आहे असं सांगत बसण्यापेक्षा त्यांना परकं वाटायला लावणाऱ्या जागा दुरुस्त करा. मला ते पटतं.

पण मला ते पटतं याचा अर्थ ते मला लागू होतं असं नाही. माझ्या वाट्याला तसं काही आलं नव्हतं. घरच्यांनी पेटी घेऊन दिली, बाईंनी पोटच्या मुलीसारखं शिकवलं, नवऱ्याने कधी अडवलं नाही. मला कुणीही पंक्तीतून उठवलं नव्हतं. मीच ताट बाजूला सारून उठत होते, आणि वर लोकांना सांगत होते की भूक नाही.

नोकरीतही हेच. शाखाधिकारी व्हायचं दोनदा विचारलं, दोनदा मी "घरचं बघावं लागतं" म्हटलं. घरचं तेव्हा सासूबाई बघत होत्या. असो.

गाण्याच्या विशारद परीक्षेचा फॉर्म मी तीन वेळा आणला. एकदा भरला नाही. एकदा भरला, पण शेवटच्या तारखेनंतर. तिसऱ्यांदा वेळेत भरला, फी भरली, आणि परीक्षेच्या आठवड्यात ऑडिटसाठी सुट्टी रद्द करून घेतली. साहेबांनी सांगितलं नव्हतं, मीच जाऊन विचारलं होतं, "मी थांबू का?" मग क्लासही हळूहळू सुटला. तंबोरा गवसणीत गेला आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्यात उभा राहिला. त्याच्यावर एकदा कुणीतरी छत्री अडकवली, ती मी काढली नाही.

आठ वर्षांनी तो मी सतारमेकर गल्लीत घेऊन गेले, तो गाण्यासाठी नव्हे. भाचीने क्लास लावला होता, तिला द्यायचा होता. मिरजेची ही गल्ली ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना सांगते: बाहेर वाळलेले भोपळे रचून ठेवलेले, आत लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास, आणि कुणीतरी कायम एकाच तारेवर एकच सूर छेडत बसलेलं. दुकानातल्या चाचांनी गवसणी काढली, गंजलेल्या तारांकडे बघितलं, खुंट्या पिरगाळून बघितल्या. मग तारा सैल करून घोडी उजेडात धरली.

घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेला, तारा पेलणारा तुकडा. तिचा माथा सपाट दिसतो पण नसतो; त्याला कानशीने अगदी नकळत उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर जिथे हलकेच घासते, तिथून तंबोऱ्याचा तो भरलेला, झणझणणारा आवाज निघतो. ती जवारी. त्यातही तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात आणि तो केसभर पुढेमागे करून आवाज खुलवतात. वाजवून वाजवून तारेचे घास घोडीवर पडतात, जवारी जाते, मग ती पुन्हा काढून घ्यावी लागते. गाणारी माणसं त्यासाठी वरचेवर इथे येतात.

चाचा म्हणाले, "ताई, किती वर्षांचाय हा?"

"वीस-बावीस."

"घोडीवर घासच नाही की."

मी काही बोलले नाही. मनात मात्र एक वाक्य तयार होत होतं, नोकरीबद्दल, मुलाच्या दहावीबद्दल. त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. त्यांनी तारा बदलल्या, कानस घेतली, तासभर काम केलं आणि तंबोरा माझ्या पुढ्यात धरला. "वाजवा. बिघडवा. मग आणा परत."

भाचीला मी पेटी दिली.

बाई तेव्हा शहात्तर वर्षांच्या होत्या. मी गेले तर त्यांनी कुठे होतीस विचारलं नाही. "बस" म्हणाल्या. मी बसले, तंबोरा जुळवला, आणि अर्थातच म्हटलं, "बाई, आज जरा घसा..."

"थांब," बाई म्हणाल्या. आत जाऊन एक रिकामा बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "यात दहा रुपये टाक."

असा तो नियम सुरू झाला. सा लावायच्या आधी काहीही बोलायचं नाही. घसा, धूळ, जागरण, "रियाज झाला नाही", "आपलं जमेल तसं", काही म्हटलं की दहा रुपये. फक्त मलाच नाही, सगळ्यांना. ऐकायला हा पोरखेळ वाटेल, पण करून बघा. तंबोरा वाजतोय, लोक बघतायत, आणि तुमच्याकडे त्या क्षणात घालायला काही नाही. मला पहिल्या महिन्यात अक्षरशः अंगाला खाज सुटायची. बोलता येत नाही म्हटल्यावर मी खोकून बघितलं. बाईंनी डब्याकडे बोट केलं. "खोकल्याचे पाच."

दिवाळीपर्यंत डब्यात तीनशे चाळीस रुपये जमले. त्यातले निम्म्याहून जास्त माझे असावेत. त्याचा आम्ही सगळ्यांनी भडंग आणि चहा केला.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. पांघरूण काढलं की आपला आवाज आपल्याला ऐकू यायला लागतो, आणि ते सुखाचं नसतं. माझा वरचा पंचम पातळ आहे. तानेत मी तिसऱ्या आवर्तनाला घाई करते. हे वीस वर्षांपूर्वी कळलं असतं तर कदाचित दुरुस्त झालं असतं. आता काही होईल, काही राहील. मी दोन-तीन आठवडे चक्क सुतकात असल्यासारखी होते. सुतक त्या दुसऱ्या बाईचं, जिचा घसा बसला नसता तर ती रेडिओवर गाणार होती. मूठ उघडली तेव्हा आत सव्वा लाख नव्हते. साडेअकरा हजार असतील. पण मोजता येत होते.

आमच्या गावात एक शब्द आहे, त्याने मला त्या दिवसांत फार आधार दिला. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली प्रवासातच गेले, आणि त्यांना मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथे उरुसात गाण्याची सभा होते. लांबलांबून गवई येतात, भलेभले. पण इथे त्यांनी 'कार्यक्रम केला' असं कुणी म्हणत नाही. अमक्याने हजेरी लावली, असं म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द. शाळेतली हजेरी तीच, पतसंस्थेतल्या मस्टरवरची तीच. मस्टरवर सही करताना आजवर मी कधी "आज जरा अक्षर बिघडलंय" असं म्हटलेलं नाही.

विशारदला मला दुसरी श्रेणी मिळाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना उगाच उत्सुकता ताणली जायला नको.

परीक्षेच्या हॉलबाहेर सोळा-सतरा वर्षांच्या मुली वह्या उघडून तिलवाडा तालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय, हातावर मोजत बसल्या होत्या. माझं नाव पुकारलं, मी आत गेले, तर दारातल्या मुलाने हात आडवा केला. "काकू, पालकांनी बाहेर थांबायचंय." आयुष्यभर ज्या क्षणाची भीती बाळगली, की कुणीतरी अडवेल आणि म्हणेल तुमची जागा इथे नाही, तो क्षण हा असा आला. चप्पल काढता काढता. मी हॉलतिकीट दाखवलं. तो "सॉरी सॉरी" म्हणाला आणि माझी पाण्याची बाटली धरून आत आला. बस्स, एवढंच.

आणि गंमत अशी की त्या दिवशी मला खरोखरची सर्दी होती. आठ दिवसांची, वाफारे घेऊन न जाणारी. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे अस्सल कारण होतं, आणि ते वापरता येत नव्हतं. परीक्षकांनी मारवा विचारला. मारव्यात सा बराच वेळ लांब ठेवतात. कोमल रिषभ आणि धैवताभोवती फिरत राहतात, ऐकणाऱ्याला हुरहूर लागेपर्यंत. टाळण्याचा मला दांडगा अनुभव, पण इथे टाळतानाही सा कुठे आहे ते पक्कं ठाऊक असावं लागतं. मी गायले. नाक चोंदलेलं होतं, वरचा पंचम त्या रागात नसतोच त्यामुळे तेवढी वाचले, आणि तिसऱ्या आवर्तनाला घाई केलीच.

गाऊन झाल्यावर परीक्षकबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सर्दी झालीये का तुम्हाला?"

मी मान हलवली. "हो."

घरी येऊन बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. बाईंनी मारव्याबद्दल दहा मिनिटं खोदून खोदून विचारलं, कुठे थांबलीस, सा ला कशी आलीस. मग फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "सर्दीचं त्यांनी स्वतःहून विचारलं, म्हणजे ते धरायचं नाही. पण 'हो' म्हणताना चेहरा केलास का गं?"

"थोडासा."

"मग पाच रुपये घेऊन ये गुरुवारी."